वाचकांचे प्रश्न : उष्ण प्रदेशातील बागेसाठी ब्लूबेरीची जात कशी निवडावी?

ब्लूबेरीविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात सविस्तर उत्तरे दिली आहेत. दोन पत्रे अमेरिकेच्या दक्षिण भागातून आली आहेत आणि दोन महाराष्ट्रातून. चौघांच्याही अडचणींचे मूळ बऱ्याच अंशी एकच असल्यामुळे पहिले उत्तर मुद्दाम थोडे विस्ताराने दिले आहे. पुढील उत्तरे वाचताना त्याचा आधार घ्यावा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे बरीच वर्षे राहिलो. तेथे परसात ‘ब्लूक्रॉप’ जातीची दोन झुडपे होती आणि दर जुलैत भरपूर फळे मिळत. निवृत्तीनंतर फ्लोरिडातील टॅम्पाजवळ स्थायिक झालो आणि येताना त्यांतील एक झुडूप कुंडीत घालून आणले. येथे त्याला पाने उशिरा आणि तुरळक फुटतात, फुले जेमतेम येतात. खत कमी पडते आहे का? की येथे दुसरी जात लावावी? — एक वाचक, टॅम्पा

उत्तर : आपल्या झुडपाला खताची उणीव नाही, थंडीची आहे, आणि ती उणीव खताच्या पोत्यातून भरून निघत नाही. ब्लूबेरीची फुलकळी शरद ऋतूत, दिवस लहान होऊ लागले की, फांद्यांच्या टोकांशी तयार होते आणि मग झुडूप सुप्तावस्थेत जाते. ही सुप्ती मोडण्यासाठी त्याला ठरावीक काळ गारवा मिळावा लागतो. तो मोजण्याचे रूढ माप म्हणजे शीततास, अर्थात हिवाळ्यात तापमान साधारण ० ते ७ अंश सेल्सियसच्या दरम्यान राहिले असे एकूण तास. ‘ब्लूक्रॉप’ला असे सुमारे ८०० ते १,००० तास लागतात. टॅम्पाच्या परिसरात बहुतेक हिवाळ्यांत २०० तासही धड भरत नाहीत. गारवा अपुरा राहिला की कळ्या एकाच वेळी न फुटता मागेपुढे फुटतात, काही फुटतच नाहीत, आणि पाने वेळेवर न आल्यामुळे जी थोडी फळे धरतात त्यांनाही पोसायला झुडपापाशी काही उरत नाही. आपण पत्रात जे वर्णन केले आहे ते नेमके हेच आहे.

न्यू जर्सीतील जाती अशा का असतात, हे त्यांच्या उगमात दिसते. एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी तेथील व्हाइट्सबॉगच्या परिसरातील रानटी झुडपांतून निवड करून ब्लूबेरीला प्रथम बागेत आणले आणि १९१६ साली लागवडीची फळे बाजारात गेली. ‘ब्लूक्रॉप’ ही १९५२ साली प्रसारित झालेली जात त्याच उत्तरेकडील परंपरेतली. लांब हिवाळा संपेपर्यंत जागे व्हायचे नाही, हा तिचा स्वभावच आहे, आणि जेथे हिवाळा कडक असतो तेथे तो गुणही ठरतो.

फ्लोरिडात ब्लूबेरी पिकवायची तर हा स्वभाव बदलणे भाग होते. फ्लोरिडा विद्यापीठातील राल्फ शार्प यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस उत्तरेकडील ‘हायबुश’ (‘ब्लूक्रॉप’सारख्या, उंच झुडपाच्या) जातींचा संकर फ्लोरिडातील रानात आढळणाऱ्या ‘व्हॅक्सिनियम डॅरोवाय’ या बुटक्या, सदाहरित झुडपाशी करायला सुरुवात केली. या रानटी झुडपाला थंडी जवळजवळ लागत नाही आणि उष्णता त्याच्या अंगवळणी पडलेली आहे. त्यातून ‘सदर्न हायबुश’ नावाचा नवा गट तयार झाला. ‘शार्पब्लू’ ही त्यातली गाजलेली सुरुवातीची जात १९७० च्या दशकात आली आणि पुढे पॉल लायरिन यांच्या हातून ‘एमराल्ड’, ‘ज्युएल’, ‘स्टार’, ‘स्वीटक्रिस्प’ यांसारख्या अनेक जाती निघाल्या. आपण निवड करायची ती या गटातून.

मात्र ‘सदर्न हायबुश’ एवढेच लेबल पाहून झुडूप विकत घेऊ नये, कारण या गटातही थंडीची गरज सारखी नाही. ‘ओनील’ चवीला उत्तम असली तरी तिला ४०० किंवा त्याहून अधिक शीततास लागतात, ‘स्टार’चीही गरज त्याच्या जवळपास जाते. या जाती फ्लोरिडाच्या उत्तर टोकाला किंवा जॉर्जियात शोभतात, टॅम्पात नाही. आपल्याकडे १५० ते २५० तासांत भागणाऱ्या जाती हव्यात. माझ्या मते घरच्या बागेसाठी पहिली पसंती ‘एमराल्ड’ला द्यावी. झुडूप जोमदार वाढते, फळ मोठे असते, उत्पन्न भरवशाचे असते आणि नवख्या माळ्याच्या चुकाही ते बऱ्यापैकी सोसते. तिच्या सोबतीला ‘ज्युएल’ लावावी. दोघींचा बहर साधारण एकाच सुमारास येतो. ‘ज्युएल’चे फळ निळे होताच तोडले तर आंबट लागते, म्हणून ते आणखी काही दिवस झुडपावर राहू द्यावे, शिवाय तिच्या पानांवर तांबेरा लवकर येतो, हे लक्षात ठेवावे.

‘शार्पब्लू’ व्यापारी बागांतून मागे पडली, कारण तिचे फळ मऊ असते आणि देठापाशी ओलसर राहिल्यामुळे दूरच्या प्रवासात टिकत नाही. परंतु आपल्याला फळ झुडपावरून स्वयंपाकघरापर्यंतच न्यायचे आहे, तेव्हा या दोषाने काही बिघडत नाही, आणि दीर्घकाळ थोडी थोडी फळे देत राहण्याची तिची सवय घरासाठी उलट सोयीची आहे. परसातली जात निवडताना व्यापाऱ्याचे निकष जसेच्या तसे उचलू नयेत असे मला वाटते. ‘स्वीटक्रिस्प’चे फळ करकरीत आणि फार चवदार असते, उत्पन्न मात्र कमी येते, ज्याला चवीचे वेड आहे त्याने ती जरूर लावावी. कुंडीतच लावायचे असेल तर ‘सनशाइन ब्लू’ ही बुटकी, बहुतांशी सदाहरित जात सोयीची आहे.

सदर्न हायबुश जातींना स्वतःच्या परागाने फळे धरतात, तरीही दोन वेगळ्या जाती शेजारी असल्या तर फळ मोठे होते आणि लवकर पिकते. म्हणून एकाच जातीची दोन झुडपे घेण्याऐवजी दोन जातींचे एकेक झुडूप घ्यावे.

जागेबद्दल एक सूचना. घराच्या भिंतीलगत लावू नये. सिमेंट आणि गिलाव्यातील चुना पावसाबरोबर पाझरून मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितकी माती अधिक आम्लधर्मी) वाढवतो, आणि ब्लूबेरीला सामू ४.५ ते ५.५ च्या दरम्यान हवा असतो. आपल्याकडील वाळूमय जमिनीत सेंद्रिय अंश फार कमी असतो, म्हणून खड्ड्यात पाइनच्या सालीचा चुरा भरपूर मिसळावा आणि वरूनही त्याचेच जाड आच्छादन द्यावे. झुडपाची मुळे उथळ असतात आणि त्यांना मूळकेस नसतात, त्यामुळे ती कोरड पडलेली सहन करत नाहीत. पहिल्या वर्षी आलेली फुले खुडून टाकावीत. हे करताना जीव हळहळतो, पण झुडूप उभे राहते. फळे संपल्यावर, म्हणजे मेअखेर किंवा जूनमध्ये, वरच्या भागाची छाटणी करावी. त्यानंतर येणारी नवी पालवी पावसाळी दिवसांतल्या पानांच्या रोगांतून निरोगी वाचली, तर पुढच्या वर्षाची फुलकळी तिच्यावरच धरते.

जानेवारी-फेब्रुवारीत झुडूप फुलावर असताना हिमरात्रीचा इशारा आला तर ते जमिनीपर्यंत पोचेल अशा चादरीने झाकावे. ‘ब्लूक्रॉप’चे झुडूप उत्तरेकडे राहणाऱ्या एखाद्या नातलगाला देऊन टाकावे, हे त्याच्यासाठी आणि आपल्यासाठीही बरे.

प्रश्न : ह्यूस्टनजवळ शुगर लँड येथे आम्ही मोठ्या दुकानातून ‘मिस्टी’ची तीन झुडपे आणून जमिनीत लावली. पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जानेवारीत छान बहर आला, पण फेब्रुवारीत पाणी गोठण्याइतकी थंडी पडली आणि सगळी फुले करपली. शेजाऱ्यांनी ‘रॅबिटआय’ लावा असे सुचवले आहे. तिचे एक झुडूप पुरेल का? — एक वाचक, शुगर लँड

उत्तर : आपल्या पत्रात दोन स्वतंत्र दुखणी आहेत. त्यांतले पहिले जात बदलून जाणार नाही, म्हणून आधी ते पाहू.

शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. पण मातीत लोह नाही असा त्याचा अर्थ नाही. सामू वाढला की मातीतील लोह न विरघळणाऱ्या स्वरूपात अडकून पडते आणि मुळांना ते घेता येत नाही. आपल्या भागातील जमीन जड चिकणमातीची आहे, नळाचे पाणी बहुधा अल्कधर्मी असते, आणि त्यातील बायकार्बोनेट दर पाण्याबरोबर मातीत साठत जाते. गंधक घालून सामू उतरवता येतो हे खरे, परंतु गंधकाचे आम्लात रूपांतर मातीतील जिवाणू करतात आणि त्याला कित्येक महिने लागतात. ज्या जमिनीत मुळातच चुना आहे तेथे हा प्रयत्न शेवटी वायाच जातो. म्हणून जमिनीशी झगडत बसू नये. जमिनीच्या वर निदान दीड फूट उंचीचा वाफा करून त्यात पाइनच्या सालीचा चुरा आणि पीट मॉस (दलदलीतील कुजलेले शेवाळ) भरावे, झुडपे त्यात हलवावीत आणि शक्य तेवढे पावसाचे पाणी साठवून तेच घालावे. ह्यूस्टनला पावसाची कमतरता नाही. खत अमोनियमयुक्त असावे, उदाहरणार्थ अमोनियम सल्फेट, आणि तेही थोडे थोडे द्यावे. नायट्रेटच्या रूपातील नत्र ब्लूबेरीला नीट वापरता येत नाही.

दुसरे दुखणे जातीचे आहे. टॅम्पाच्या वाचकांना आम्ही कमी थंडीची जात सुचवली, पण कमी तितके चांगले असा त्याचा अर्थ काढू नये. आपल्या परिसरात साधारण हिवाळ्यात ४०० तासांच्या आगेमागे गारवा मिळतो. ‘मिस्टी’ची गरज त्याच्या निम्म्यातच भागते, त्यामुळे जानेवारीतले चार उबदार दिवस तिला वसंताची चाहूल वाटतात. पूर्ण उमललेले फूल उणे २ अंशांच्या सुमारास मरते, आणि फेब्रुवारीत तेवढी थंडी टेक्ससच्या किनारपट्टीवरही अधूनमधून येतेच. ‘मिस्टी’ला आणखी एक खोड आहे. ती पेलवणार नाहीत इतक्या फुलकळ्या धरते आणि पाने मात्र कमी काढते. ती ठेवायची असेल तर हिवाळ्याच्या अखेरीस निम्म्या फुलकळ्या छाटून टाकणे आवश्यक आहे.

शेजाऱ्यांचा सल्ला योग्य आहे. ‘रॅबिटआय’ ही ब्लूबेरीची वेगळी प्रजाती असून जॉर्जिया, अलाबामा आणि उत्तर फ्लोरिडातील नदीकाठांवर ती मुळात रानटी वाढते. उन्हाळा, कोरडे दिवस आणि किंचित कमी अनुकूल माती हे सारे ती हायबुशपेक्षा चांगले सोसते. टेक्ससच्या पूर्वेकडील पाइनच्या पट्ट्यात, नॅकोडोचिसच्या आसपास, याच गटाच्या बागा आहेत आणि त्या शहरात दर जूनमध्ये ब्लूबेरीचा उत्सवही भरतो. परंतु एक झुडूप अजिबात पुरणार नाही. रॅबिटआयला स्वतःच्या परागाने फळ फारच कमी धरते, म्हणून एकाच वेळी फुलणाऱ्या किमान दोन जाती हव्यात, तीन असल्या तर अधिक चांगले. ‘ब्राइटवेल’ला सुमारे ३५० ते ४०० तास पुरतात आणि तिचे उत्पन्न भरवशाचे आहे, तिला पायाभूत मानून सोबत ‘क्लायमॅक्स’ घ्यावी. ‘टिफब्लू’ १९५५ पासूनची नावाजलेली जात आहे आणि दुकानांत सर्वत्र मिळते, पण तिला ६०० च्या घरात शीततास लागतात. उबदार हिवाळ्यानंतर ती आपल्याकडे रुसून बसेल. ती हवीच असेल तर तिसरी म्हणून लावावी.

रॅबिटआयची साल जाडसर असते आणि बिया जिभेला जाणवतात, ही तक्रार आपल्याला कानावर येईल. फळ निळे झाल्यावर आठवडाभर झुडपावरच ठेवले तर गोडी वाढते आणि ही तक्रार बरीचशी कमी होते. बागेत कीटकनाशक फवारताना झुडूप फुलावर असेल तर हात आवरावा. ब्लूबेरीचे फूल उलट्या घंटेसारखे असते आणि त्यातील पराग खाली पडण्यासाठी फूल हलावे लागते. पंख न उडवता छातीचे स्नायू थरथरवून पराग झाडणाऱ्या बंबलबीसारख्या रानमाश्या हे काम सामान्य मधमाश्यांपेक्षा कितीतरी चांगले करतात.

प्रश्न : पुण्यात कोथरूडला आमची गच्ची आहे. रोपवाटिकेत ‘ब्लूबेरी’ म्हणून रोप मिळते, पण जातीचे नाव तेथे कोणालाच सांगता येत नाही. बियांची पाकिटेही घरपोच मिळतात. पुण्यात ब्लूबेरी येईल का, आणि कोणती? सामू कमी करण्यासाठी तुरटी किंवा कॉफीचा चोथा घालावा असे ऐकले, ते बरोबर आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : जातीचे नाव नसलेले रोप घेऊ नये. वरची दोन उत्तरे वाचल्यावर त्याचे कारण वेगळे सांगण्याची गरज नाही. आपल्या हाती आलेले रोप उत्तरेकडील जातीचे निघाले, तर ते पुण्यात कधीच धड फुलणार नाही, आणि हे कळायला आपली दोन-तीन वर्षे गेलेली असतील. बियांच्या पाकिटांचाही मोह टाळावा. पाकिटावर कोणत्याही जातीचे नाव छापलेले असले तरी बियांपासून आलेले रोप मूळ जातीसारखे निघत नाही. जात टिकते ती छाट कलमातून किंवा ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत झाडाच्या ऊतीपासून वाढवलेल्या) रोपातून.

पुण्यात डिसेंबर-जानेवारीची किमान तापमाने बहुतेक रात्री १० अंशांच्या आसपास किंवा त्याच्या वर राहतात, म्हणजे रूढ हिशोबाने शीततास जवळजवळ शून्य. तरीही उत्तर सरळ नकारार्थी नाही. पेरूच्या किनाऱ्यावरील वाळवंटी पट्ट्यातही कडक हिवाळा नाही, आणि तरी गेल्या दशकभरात तो देश ब्लूबेरीच्या निर्यातीत जगात आघाडीवर पोचला. तेथे झुडपाला सुप्तावस्थेत जाऊच देत नाहीत. पाने वर्षभर टिकवतात, पाणी आणि खत अखंड सुरू ठेवतात आणि फळांचा हंगाम छाटणीने ठरवतात. त्या लागवडीचा पाया ‘बिलॉक्सी’ या जातीने घातला. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मिसिसिपीतील केंद्राने १९९८ साली ती प्रसारित केली. आपल्याला नावानिशी रोप मिळत असेल तर प्रथम ‘बिलॉक्सी’च मागावी, आणि दुसरी म्हणून ‘शार्पब्लू’ किंवा ‘एमराल्ड’.

पेरूचा दाखला मात्र मर्यादेतच घ्यावा. तेथील किनाऱ्याला थंड सागरी प्रवाहाचा गारवा असतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ३८-४० अंशांपर्यंत जातो आणि गच्चीवर त्याहून अधिक धग लागते. ब्लूबेरीला त्या दिवसांत दुपारचे ऊन नको. मार्चपासून शेडनेट बांधावे, काळी कुंडी वापरू नये, कुंड्या फरशीवर न ठेवता विटांवर ठेवाव्यात. जूननंतर धोका उलटा होतो. साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात, म्हणून कुंडीतील मिश्रण अत्यंत मोकळे हवे. पुण्याची काळी माती त्यात चमचाभरही घालू नये, कारण ती चुनखडीयुक्त असते आणि तिचा सामू ७.५ च्या वर जातो. दोन-तीन पाण्यांत धुऊन क्षार काढलेले कोकोपीट, पीट मॉस आणि मिळाल्यास पाइनच्या सालीचे तुकडे हे मिश्रण चांगले. साल मिळाली नाही तर पर्लाइट आणि भाताचे तूस चालेल.

तुरटी घालू नये. तिने सामू उतरतो, पण तिच्यातील अॅल्युमिनियम ब्लूबेरीच्या मुळांना अपायकारक ठरते. वापरलेल्या कॉफीच्या चोथ्यातील आम्ल पाण्याबरोबर आधीच आपल्या कपात गेलेले असते. तो जवळजवळ उदासीन असतो आणि जास्त घातला तर मिश्रण घट्ट करतो. शेणखत, राख आणि अंड्याची टरफले या आपल्या नेहमीच्या गोष्टी येथे नेमक्या चुकीच्या आहेत. बोअरवेलचे पाणी असेल तर त्यात बायकार्बोनेट बहुधा जास्त असते, तेव्हा ते टाळावे. दुसरा उपाय नसेल, तर पाण्यात सायट्रिक आम्लाची किंचित मात्रा मिसळून, सामूच्या कागदाने तपासून ते साधारण ५.५ वर आणावे आणि मगच घालावे.

सुरुवात दोन कुंड्यांपासून करावी, आणि त्या वर्षभर निरोगी राहिल्या तरच पुढे जावे. वर्षाला एखाद-दोन वाट्या फळे मिळाली तर ते यश समजावे. बाजारात मिळणारी छोटी डबी परवडते की ही खटपट, असा हिशोब मांडला तर उत्तर डबीच्याच बाजूने जाईल, हे लावण्यापूर्वी माहीत असलेले बरे.

प्रश्न : कुडाळजवळ आमची जांभ्याची जमीन आहे. माती परीक्षणात सामू ५.३ आला. ब्लूबेरीला आम्लधर्मी माती लागते असे वाचले, तर अर्ध्या एकरात लागवड करावी का? — एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : करू नये. मातीबाबत आपला अंदाज योग्य आहे. जी माती तयार करण्यासाठी पुण्याच्या आणि शुगर लँडच्या वाचकांना इतकी खटपट करावी लागते आहे, ती आपल्याकडे आयती आहे. परंतु माती काही अंशी बदलता येते, हिवाळा बदलता येत नाही. कुडाळला हिवाळ्यातही रात्री क्वचितच १५ अंशांच्या खाली जातात, पावसाळ्यात सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवा वर्षभर दमट असते. अशा ठिकाणी ‘बिलॉक्सी’देखील पाने काढत राहील आणि बहर मात्र अनियमित, तुटपुंजा देईल, शिवाय पानांवरील बुरशीजन्य रोग आणि मुळकूज यांच्याशी सतत सामना करावा लागेल. ब्लूबेरीचे जे भारतीय सगेसोयरे आहेत तेही निलगिरीसारख्या उंच, थंड डोंगरांवर वाढतात, किनारपट्टीवर नाही.

महाराष्ट्रात प्रयोगच करायचा तर महाबळेश्वर-पाचगणीचे पठार त्यातल्या त्यात योग्य आहे, कारण तेथे जांभ्याची आम्लधर्मी माती आणि स्ट्रॉबेरीला मानवणारा हिवाळा या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. मात्र तेथील पाऊस पाहता छताशिवाय लागवड करता येणार नाही. आपण कुतूहलापोटी दोन झुडपे लावायला हरकत नाही. ती गादीवाफ्यावर, पावसाचे पाणी अंगावर येणार नाही अशा पारदर्शक छपराखाली लावावीत. अर्ध्या एकराचा विचार करताना आपल्या मातीला आणि हवेला दोन्हीला मानवणारी कोकम, काजू किंवा जायफळ यांपैकीच निवड करावी.